लक्षद्वीपच्या बेटावरचे गाव: जमीन, पाणी आणि पाहुणे

दिल्लीहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भुसावळ आणि जळगाव या स्थानकांवर थांबते, त्यामुळे लक्षद्वीप हे नाव खान्देशातल्या माणसाच्या कानावरून लहानपणापासून गेलेले असते. गाडी मात्र एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या किनाऱ्यावरच संपते. त्यापुढे चौदा ते वीस तासांचा बोटीचा प्रवास उरतो, किंवा कोचीहून आगत्ती बेटावर उतरणारे लहान विमान गाठावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी या बेटांना भेट दिली, निळ्या पाण्याची छायाचित्रे देशभर पोहोचली आणि सहलीची विचारणा एकदम वाढली. आपल्याकडे चार पैसे गाठीला आले की माणूस आधी प्लॉटचा विचार करतो. त्यामुळे सहलीच्या चौकशीपाठोपाठ ‘तिकडे थोडी जागा घेऊन ठेवता येईल का’ हा प्रश्नही ओघानेच येतो.

त्याचे उत्तर ‘नाही’ असे एका शब्दात देता येते. परंतु हे उत्तर केवळ सरकारी आडमुठेपणातून आलेले नाही. बेटावरच्या गावात जमीन, झाड, घर, विहीर आणि समुद्र यांचे नाते आपल्या सातबाऱ्याच्या चौकटीत बसत नाही, आणि ते समजून घेतल्याशिवाय तिथल्या पर्यटनाचा वादही समजत नाही.

प्रथम आकार लक्षात घ्यावा. लक्षद्वीपमध्ये एकूण ३६ बेटे मोजली जातात. त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. सर्व बेटांची मिळून जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ होती. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर दोन हजारांहून अधिक माणसे राहतात. बित्रा या सर्वांत लहान गावात त्या वेळी केवळ २७१ लोक होते. दक्षिणेला एकटे पडलेले मिनिकॉय बेट पाच चौरस किलोमीटरहून कमी आहे आणि त्यावर दहा हजारांच्या आसपास लोक राहतात. ही सारी बेटे प्रवाळांची आहेत. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांनी हजारो वर्षांत रचलेल्या चुनखडीच्या कड्यावर त्याच प्रवाळांचा चुरा साचला, नारळ रुजले आणि माणूस राहायला आला. या जमिनीला डोंगर नाही, नदी नाही, मुरूम नाही आणि काळी माती तर नाहीच. बहुतेक ठिकाणी ती समुद्रापेक्षा एक-दोन मीटरच उंच आहे.

आता जमिनीच्या कायद्याकडे वळू. जे बेटांवर जन्मले आणि ज्यांचे आईवडील दोघेही बेटांवरच जन्मले, अशा रहिवाशांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. जवळपास ९५ टक्के लोकसंख्या या वर्गात येते. अशा रहिवाशाची जमीन बाहेरच्या व्यक्तीकडे सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय जाऊ नये, असा नियम १९६४ च्या अनुसूचित जमाती संरक्षण विनियमात घातलेला आहे. खान्देशातल्या वाचकाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ३६ आणि ३६-अ हेच काम करतात. अक्कलकुवा, तळोदा, शहादा, चोपडा किंवा यावल या तालुक्यांत आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांची आणि शासनाची मंजुरी लागते, हे तलाठी कार्यालयाच्या व्हरांड्यात उभा राहिलेला कोणीही सांगेल. तो नियम पुस्तकात असून पाळला गेला नाही तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. सावकारी आणि फसव्या कागदांतून गेलेल्या जमिनींसाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोदा भागात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळी उभ्या राहिल्या, आणि त्याच दशकात अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. सातपुड्याच्या पायथ्याला जी गोष्ट झगडून परत मिळवावी लागली, ती बेटांवर आरंभापासूनच सांभाळण्याचा प्रयत्न झाला, एवढाच फरक आहे. म्हणून लक्षद्वीपमधील ‘गुंतवणुकीची संधी’ सांगणारी जाहिरात दिसली, तर ती सातपुड्यातल्या आदिवासी गटाचा साध्या कागदावर लिहून दिलेला सौदा समजूनच वाचावी.

आईच्या घराची जमीन

कायद्याखाली आणखी एक जुना थर आहे, आणि मला तो सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. लक्षद्वीपचे लोक जवळजवळ सर्व मुस्लिम आहेत. तरीही त्यांची कुटुंबव्यवस्था केरळच्या मरुमक्कत्तायम परंपरेतली, म्हणजे मातृवंशीय आहे. मूल आईच्या घराण्याचे असते. त्या घराण्याला तरवाड म्हणतात. घर, नारळाची बाग आणि पूर्वी होड्यासुद्धा तरवाडच्या सामाईक मालकीच्या असत. कारभार सहसा घरातला वडीलधारा मामा पाहतो, त्याला कारणवर म्हणतात. परंतु त्याचा हक्क कारभाराचा आणि हयातीपुरत्या उपभोगाचा असतो. त्याच्या स्वतःच्या मुलांकडे ही मालमत्ता जात नाही, कारण ती मुले त्यांच्या आईच्या तरवाडची असतात. त्याच्या वाट्याचा उपभोग पुढे बहिणीच्या मुलांकडे जातो.

उत्तरेकडच्या बेटांवर जुनी रीत अशी होती की नवरा रात्री बायकोच्या घरी जाई आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परत येई. मिनिकॉयमध्ये नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला जातो. नोकऱ्या, शिक्षण आणि वेगळी घरे बांधण्याची इच्छा यांमुळे या चाली आता सैल झाल्या आहेत, पण मालमत्तेच्या वाटण्यांवर त्यांची छाया अजून आहे.

यातून दोन प्रकारची मालमत्ता तयार झाली. तरवाडची वडिलोपार्जित सामाईक मालमत्ता ‘शुक्रवारची’ मानली जाते आणि व्यक्तीने स्वतः कमावलेली ‘सोमवारची’. शुक्रवारची मालमत्ता मातृवंशाच्या रिवाजाने चालते, सोमवारच्या मालमत्तेला इस्लामी वारसाहक्क लागू होतो. एकाच घरात दोन वारसाकायदे शेजारी शेजारी नांदतात. मात्र सोमवारच्या पैशातून शुक्रवारच्या जागेवर घर बांधले की पुढच्या पिढीत तंटा ठरलेला असतो, आणि असे तंटे तिथल्या न्यायालयांत वर्षानुवर्षे चालतात. आपल्याकडे सामाईक खात्यावर दहा-पंधरा वारसांची नावे चढलेली असली की खातेफोड करताना काय दमछाक होते, याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याने कल्पना करावी की वारस केवळ स्त्रियांच्या रेषेने मोजायचे आहेत, जमीन काही गुंठेच आहे, आणि तिच्यावरच्या प्रत्येक नारळावरही स्वतंत्र हक्क असू शकतो. अशा जमिनीचा ‘एक मालक’ शोधून सौदा करणे जवळपास अशक्य असते. माझ्या मते बाजाराच्या रेट्यापासून ही गावे वाचली, त्यात कायद्याइतकाच वाटा या गुंतागुंतीच्या सामाईक मालकीचा आहे. घराण्यातल्या स्त्रीला छप्पर गमावण्याची भीती या व्यवस्थेत फारशी नसते, ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

तिसरा प्रकार पंडारम जमिनींचा. ही बेटे दीर्घकाळ कण्णूरच्या अरक्कल राजघराण्याच्या ताब्यात होती. त्या घराण्याने काथ्याच्या व्यापाराचा मक्ता आपल्याकडे ठेवला होता. बेटवासीयांनी काथ्या द्यायचा आणि ठरलेल्या दराने तांदूळ घ्यायचा, असा व्यवहार चाले. राजाच्या खजिन्यात गेलेल्या किंवा कोणाच्याच नावावर नसलेल्या जमिनी पंडारम ठरल्या. पुढे त्या इंग्रजांकडे आणि मग भारत सरकारकडे आल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी केंद्रशासित प्रदेश झाल्यानंतर १९६५ च्या जमीन महसूल व कूळवहिवाट विनियमाने या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटणाऱ्यांचे हक्क मान्य करण्याची तरतूद केली. आपल्या परिभाषेत सांगायचे तर भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीशी तिचे थोडे साम्य आहे: ताबा, घर आणि झाडे कुटुंबाची, पण सरकारचा शब्द त्या जमिनीवरून पुरता उठलेला नाही. २०२४ मध्ये प्रशासनाने पंडारम जमिनी परत घेण्याच्या हालचाली सुरू केल्या तेव्हा लोक न्यायालयात गेले, ते याच कारणाने. कागदावर ती सरकारची असली तरी त्यांच्या लेखी ती घराची आणि बागेची जमीन आहे.

वाळूखालचे पाणी

बेटाची खरी मर्यादा जमीन नसून पाणी आहे. लक्षद्वीपमध्ये वर्षाला सुमारे १,६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या दुपटीहून अधिक. तरीही तिथे एकही नदी, ओढा किंवा धरण नाही. पडलेला पाऊस प्रवाळाच्या भुसभुशीत वाळूतून सरळ खाली उतरतो. त्या वाळूच्या पोटात सर्व बाजूंनी शिरलेले समुद्राचे खारे पाणी आधीच असते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असल्यामुळे ते वरणावर तूप तरंगावे तसे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. बेटाच्या मध्यभागी हा थर जाड असतो आणि किनाऱ्याकडे पातळ होत जातो, म्हणून भूजलशास्त्रात त्याला गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात. गावातल्या विहिरी, नारळाची मुळे आणि माणसे या भिंगावरच जगतात.

या भिंगाचे गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. दोन्ही पाण्यांच्या घनतेत इतका थोडा फरक आहे की आदर्श स्थितीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या जितकी वर असेल, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. विहिरीतली पातळी समुद्राच्या १० सेंटीमीटर वर असेल तर खाली सुमारे ४ मीटरचा गोडा थर धरावा. हेच गणित उलटे फिरते तेव्हा भीतीदायक होते. जास्त उपसा करून ती पातळी १० सेंटीमीटर उतरवली तर खालचे खारे पाणी तत्त्वतः ४ मीटर वर चढते आणि विहीर खारट होते. प्रत्यक्षात भरती-ओहोटी, वाळूची रचना आणि पावसातली खंड यांमुळे आकडे बदलतात, पण दिशा बदलत नाही.

खान्देशातल्या शेतकऱ्याच्या सवयीच्या हे अगदी विरुद्ध आहे. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात विहीर आटली की आडवे बोअर मारले जातात, मग उभे बोअर, मग आणखी खोल. पाणी खाली जाते, खर्च वाढतो, कर्ज वाढते, पण खोल गेले की बहुधा काहीतरी लागते, या आशेवर आपण ड्रिलिंगची गाडी पुन्हा बोलावतो. बेटावर खोल जाणे म्हणजेच पाणी गमावणे. तिथे विहीर उथळ असावी लागते, उपसा थोडा थोडा आणि पसरून करावा लागतो, आणि आपली साडेसात हॉर्सपॉवरची मोटार एखाद्या विहिरीवर बसवली तर काही दिवसांत शेजारच्या घरांचे पाणीही बिघडू शकते. विहीर माझ्या परसात आहे म्हणून पाणी माझे, हा हिशेब तिथे चालत नाही, कारण भिंग एकच आहे आणि त्यावर सारे गाव बसलेले आहे. खरे तर आपल्या केळी पट्ट्यातही भूजल सामाईकच आहे. आपल्याकडे नुकसान सावकाश आणि अनेक गावांत विखरून होते, म्हणून ते डोळ्यांसमोर येत नाही.

दुसरा धोका सांडपाण्याचा आहे. दाट वस्तीत शोषखड्डा आणि विहीर यांच्यात काही पावलांचेच अंतर उरते. भुसभुशीत वाळू मैला गाळून घेण्याइतका वेळ देत नाही, त्यामुळे अनेक विहिरींचे पाणी खारे झाले नसले तरी पिण्यायोग्य राहत नाही. हॉटेलच्या प्रत्येक खोलीचा विचार करताना ती किती पाणी ओढेल एवढेच पाहून भागत नाही. ती किती पाणी त्याच वाळूत परत सोडेल, हेही पाहावे लागते.

यावर उपाय म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती या राजधानीच्या बेटावर एक वेगळा प्रकल्प उभारला. समुद्राचे पृष्ठभागावरचे कोमट पाणी निर्वात टाकीत सोडले की कमी दाबामुळे त्याचा काही भाग वाफ होतो. साडेतीनशे मीटरांहून खोल नळ टाकून वर आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववली की गोडे पाणी मिळते. त्यासाठी पाणी उकळावे लागत नाही आणि रसायनेही फारशी लागत नाहीत. या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १ लाख लिटर आहे. आकडा मोठा वाटतो, पण कवरत्तीची लोकसंख्या अकरा हजारांच्या वर आहे. म्हणजे माणशी नऊ लिटरच्याही आत. पिण्याला आणि स्वयंपाकाला ते पुरते, आंघोळीला नाही. मिनिकॉय आणि आगत्ती येथे २०११ मध्ये असे प्रकल्प सुरू झाले आणि नंतर इतर बेटांचे कामही हाती घेण्यात आले. पंप चालवायला वीज लागते, आणि बेटांवर सौरऊर्जा वाढत असली तरी वीज अजून मुख्यतः डिझेलवर तयार होते. ते डिझेल समुद्रातूनच आणावे लागते. छपराचे पाणी टाकीत साठवणे हा त्याहून साधा मार्ग आहे. १०० चौरस मीटरच्या छपरावर १,६०० मिलिमीटर पाऊस पडला तर वर्षाला १ लाख ६० हजार लिटर पाणी येते, म्हणजे दिवसाला चारशे लिटरांहून थोडे जास्त. सगळे साठवता येत नाही, परंतु एका कुटुंबाची पिण्याची चिंता त्यातून मिटू शकते.

प्रवाळ, आमिष आणि ट्यूना

बेटाच्या एका बाजूला प्रवाळाची कडा आणि तिच्या आत उथळ, शांत पाण्याचा खाजण असतो. पर्यटकाला दिसणारी निळाई याच खाजणाची. लक्षद्वीपच्या अशा खाजणांचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जमिनीच्या शंभर पटींहून अधिक. गावाच्या दृष्टीने ती गावाची शेती आहे, हे मिनिकॉयच्या मासेमारीकडे जवळून पाहिले की कळते.

मिनिकॉयचे मच्छीमार ट्यूना जाळ्याने न धरता गळाच्या काठीने धरतात. पहाटे होडी आधी खाजणात जाते. तिथे प्रवाळांच्या आसपास राहणारे बोटभर लांबीचे मासे बारीक जाळ्याने पकडून होडीतल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवले जातात. मग होडी खोल समुद्रात ट्यूनाच्या थव्यापाशी पोहोचते. जिवंत आमिष पाण्यात फेकले जाते, त्याच वेळी पाण्याचे फवारे उडवून लहान माशांच्या उसळीचा भास केला जातो, आणि ट्यूना आमिषावर तुटून पडले की होडीच्या मागच्या बाजूला ओळीने उभे असलेले लोक एकेक मासा काठीने उचलून मागे टाकतात. नको असलेला जीव या पद्धतीत जवळपास सापडत नाही. नंतर तोच ट्यूना शिजवून, नारळाच्या करवंट्या-सोडणांच्या धुरावर धरून आणि उन्हात कडक वाळवून ‘मास’ तयार होतो, जो महिनोन्‌महिने टिकतो आणि मुख्य भूमीवर विकला जातो. मिनिकॉय पूर्वापार गावांमध्ये, आपल्या भाषेत वाड्यांमध्ये, विभागलेले आहे. प्रत्येक गावाचा पुरुष प्रमुख आणि स्त्री प्रमुख वेगळा असतो, शर्यतीची लांब होडी गावाच्या मालकीची असते आणि सामाईक कामे गावकीने ठरतात.

या साखळीचा पहिला दुवा प्रवाळ आहे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापून तसेच काही आठवडे राहिले की प्रवाळ आपल्या अंगातले रंगीत शैवाल बाहेर टाकते, पांढरे पडते आणि लवकर सावरले नाही तर मरते. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर झाले. दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांत १९९८ च्या तुलनेत जिवंत प्रवाळाचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आलेले दिसले आहे. प्रवाळ गेले की आमिषाचे मासे घटतात, आमिष घटले की ट्यूना असूनही धरता येत नाही. शिवाय लाटांचा जोर मोडणारी कडा ठिसूळ होते आणि किनारा खचू लागतो. बंगारामजवळचे परळी-१ हे निर्मनुष्य बेट झिजून नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये अभ्यासातून पुढे आले. त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला आलेल्या ओखी चक्रीवादळाने मिनिकॉय आणि कल्पेनीला तडाखा दिला.

समुद्र तापवण्यात या बेटांचा वाटा नगण्य आहे. परंतु खाजणात जेटीसाठी गाळ उपसणे, प्रवाळावर नांगर टाकणे, पर्यटकांनी प्रवाळावर उभे राहणे आणि सांडपाणी सोडणे, हे त्याच आजारी प्रवाळावर होणारे अधिकचे घाव आहेत आणि ते टाळणे माणसाच्या हातात आहे. खाजणात खांब रोवून बांधायच्या आलिशान बंगल्यांच्या योजनेकडे मिनिकॉय, कदमत आणि सुहेलीसाठी काही वर्षे आग्रहाने पाहिले जात आहे. तिच्याविषयी माझी मुख्य शंका हीच आहे: ज्या पाण्यात गावाचे आमिष वाढते, त्या पाण्यावर खोली बांधायची असेल तर त्या पाण्याचे भाडे गावाला मिळणार की केवळ प्रशासनाला?

पाहुणे किती आणि कोणाच्या घरी

लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. त्याचा आधार १९६७ चे प्रवेश व निवास निर्बंध नियम आहेत. त्यामुळे पर्यटन सुरुवातीपासून मोजूनमापून झाले. कोचीहून निघणाऱ्या एका जुन्या सहलीची रचना मला आजही शहाणपणाची वाटते: प्रवासी दिवसा कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय पाहतात आणि रात्री बोटीवरच झोपतात. आंघोळ, जेवण आणि मुक्काम यांचा मोठा भार बोट उचलते. तोटा असा की गावाच्या हाती पैसाही थोडाच लागतो. दुसऱ्या टोकाला निर्मनुष्य बंगारामवरचे रिसॉर्ट आहे, जिथे पर्यटक आणि गावकरी समोरासमोर येतच नाहीत.

अलीकडे आगत्तीसारख्या बेटांवर घरगुती मुक्कामाच्या सोयी दिसू लागल्या आहेत. मालमत्ता बाहेरच्याला न विकता तिच्यातून उत्पन्न मिळवण्याचा हा एकमेव मार्ग असल्यामुळे मला तो सर्वांत आश्वासक वाटतो. घर तरवाडचे राहते, स्वयंपाक आणि देखरेख घरातल्या लोकांच्या हातात राहते, आणि पाण्याचा अतिवापर झाला तर पहिली झळ त्याच घराला बसत असल्यामुळे तो रोखण्याची गरजही त्यालाच वाटते. हाच मार्ग तोरणमाळच्या आदिवासी कुटुंबांसाठीही खुला असला पाहिजे, कारण तिथेही जमीन बाहेरच्याला मंजुरीशिवाय विकता येत नाही पण पाहुणा ठेवता येतो. अर्थात घरगुती मुक्कामही बेसुमार वाढला तर शोषखड्ड्यांची संख्या वाढतेच. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीने प्रत्येक बेटाची धारणक्षमता, म्हणजे ते किती भार पेलू शकते हे पाहून त्याचा स्वतंत्र आराखडा करण्याची जी दिशा दिली, ती मोडता कामा नये.

ती मोडण्याची भीती २०२१ मध्ये प्रथम तीव्रपणे व्यक्त झाली. विकास प्राधिकरण नियमावलीच्या मसुद्यात कोणतेही क्षेत्र नियोजनासाठी घोषित करून तिथल्या जमिनीच्या वापरात मोठे फेरफार करण्याचे अधिकार प्रशासनाला देण्याचे प्रस्तावित होते. बेटांवर निदर्शने झाली आणि ३१ मे २०२१ रोजी केरळ विधानसभेने बेटवासीयांच्या बाजूने एकमताने ठराव केला. जुलै २०२५ मध्ये संपूर्ण बित्रा बेट संरक्षणाच्या कारणासाठी ताब्यात घेण्याच्या दृष्टीने सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची अधिसूचना निघाली. देशाच्या सुरक्षेचे कारण हलके नाही. पण धरणाखाली किंवा महामार्गात शेत गेलेल्या आपल्याकडच्या कुटुंबाला मोबदल्याच्या रकमेत शेजारच्या गावी दुसरे शेत शोधता येते. बित्राच्या कुटुंबाला दुसरे बेट विकत मिळत नाही. जिथे जावे, तिथली जमीन आधीच कुठल्यातरी तरवाडची आहे आणि तिथले पाणीही आधीच वाटलेले आहे.

ज्यांना तरीही पाहुणा म्हणून जायचे आहे, त्यांनी जरूर जावे. त्यासाठी ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ ठीक, कारण पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि बोटी अनिश्चित होतात. परवान्यासाठी पोलीस पडताळणीचा दाखला लागत असल्यामुळे तो आपल्या जिल्ह्यातून वेळेत काढून ठेवावा आणि परवाना हाती आल्याशिवाय कोचीचे तिकीट पक्के करू नये. बंगाराम वगळता बेटांवर दारूबंदी आहे. विहिरीचे पाणी मागून घ्यावे, ते सांडू नये. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मेलेला असला तरी बॅगेत घालू नये, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण दिलेले असून तो घरी नेणे हा गुन्हा आहे. राहायचे असेल तर मुक्काम कोणाच्या घरी आहे, पैसे थेट त्या घराला मिळतात का, आणि सांडपाणी कुठे जाते, हे आरक्षणापूर्वीच विचारावे.